चौतीस किलोची मावशी

सोयाबीनचा दाणा दाढेखाली धरायचा, डोळे बारीक करायचे, कट्ट आवाज आला की म्हणायचं, "वाजला." आमच्या मार्केट यार्डातली मावशी दिवसभर हेच करायची. आवाज आला म्हणजे माल वाळलेला. दाणा दाताखाली नुसताच चपटा झाला तर तो थुंकायचा आणि शेतकऱ्याकडे असं पाहायचं, जसं काही त्याने रात्रभर मालावर पाणी शिंपडलं आहे. "ओला हाय, भाऊ. घरी ने. वाळव. मंग ये."

शेतकरी अर्थातच घरी नेत नसे. भाव ठरायचा तो व्यापाऱ्याच्या मशीनवर, मावशीच्या दाढेवर नाही. तिचं काम फक्त चाळणीचं. पण चाळता चाळता एक दाणा तोंडात टाकल्याशिवाय तिचं ढिगाशी बोलणंच सुरू व्हायचं नाही.

तुम्ही सीझनमध्ये कारंज्याच्या यार्डात आला असाल तर अशा बाया पाहिल्या असतील. शेडच्या कडेला, डोक्यापासून नाकापर्यंत फडकं गुंडाळलेल्या, धुळीत नुसते डोळे दिसतात. त्यांच्यात जी सगळ्यात बारीक आणि जी सगळ्यात जास्त बोलते, ती आमची मावशी. आमच्याच गल्लीत राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात मावशी, एक चूल, आणि एक गॅसची शेगडी. शेगडीवर भरतकामाचं कापड टाकून ठेवलेलं. गॅस पाहुण्यांसाठी. तिच्यासाठी चूल.

मी यार्डात भोंग्यावर असतो. "ट्रॅक्टरवाले भाऊ, गाडी गेटातून बाजूला घ्या, मागं लाइन लागली आहे," हे दिवसभर बोलायचं काम. नाव मला आहे, पण मावशी मला भोंग्या म्हणायची आणि तिच्यामुळे सगळं यार्ड म्हणायला लागलं. फावल्या वेळात मी नकला करतो. लिलाव पुकारणारा, आमचे हेडमास्तर, उधारी मागायला आलेला चहावाला, आणि त्याला टाळणारा अडत्या शेठ. मावशी दुपारी डबा उघडला की हुकूम सोडायची, "भोंग्या... तो शेठ... काढ." मी शेठ काढायचो. शेठ जवळच बसलेला असला तर मास्तर काढायचो.

सगळ्यांत अवघड नक्कल मावशीची होती. आवाज जमला होता, हातवारे जमले होते, दम जमत नव्हता. तिचं वाक्य दोन-तीन शब्दांवर तुटायचं, आणि तुटलं की मधे एक बारीक शिट्टी वाजायची. पहिल्यांदा मी तिची नक्कल केली तेव्हा माझंच डोकं गरगरलं.

"मावशी, तुमचा रोल लय महाग पडते," मी म्हणालो. "दमच पुरत नाई."

"मंग मी काय... फुकटात... करून राह्यली का?" मावशी म्हणाली.

आम्ही तिला दमा आहे असं म्हणायचो. डॉक्टर म्हणायचे, हा दमा नाही, फुफ्फुसाचा जुना आजार आहे, चुलीचा धूर आणि यार्डाची धूळ दोघांनी मिळून केलेला. तोंडात फवारायचा पंप तिला दिलेला होता. तो ती पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन घ्यायची. आमच्याकडे पंप दिसला म्हणजे माणसाचे दिवस भरले असं समजतात, आणि मावशीला तसं कोणी समजलेलं चालायचं नाही.

तर ही मावशी वाळत चालली होती. आधी ब्लाउजच्या बाह्या ढिल्या झाल्या. मग हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत फिरायला लागल्या. भेटेल तो म्हणायचा, "मावशी, लय वाळल्या तुमी." आणि मावशी खुश व्हायची. खरंच सांगतो. तिचा सगळा जन्म धान्यात गेलेला. ओला माल म्हणजे भावात कटती, ओला माल म्हणजे बुरशी. वाळलेला माल म्हणजे एक नंबर. तिच्या डोक्यात हे इतकं पक्कं होतं की ते तिने स्वतःलाही लावलं.

वर तिचा अजून एक हिशोब होता. तो तिने मला एकदा समजावून सांगितला. "गाडीत माल कमी असला... तं बैल कमी धापते. माह्या अंगात... माल कमी झाला... तं दम कमी लागीन." पोटभर जेवलं की तिला श्वास घेता यायचा नाही, हे खरंच होतं. म्हणून तिने संध्याकाळची भाकर बंद केली होती. सकाळची अर्धी केली होती. आणि अंग हलकं होतंय म्हणून वाट पाहत होती, की दम आता सुटेल, मग सुटेल.

दिवाळीच्या आधी एकदा हमालांनी तिला गमतीत इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं केलं. चौतीस. एक हमाल म्हणाला, "मावशी, तुमच्याहून सोयाबीनचा भरला कट्टा भारी."

मावशी म्हणाली, "माल तयार हाय. ओलावा... राह्यलाच नाई."

मला राहवतं का. मी भोंगा चालू केला. "एक नंबर माल, चाळून, निवडून, वाळवून, चौतीस किलो, बोला व्यापारीबंधू." पूर्ण यार्ड हसलं. मावशी सगळ्यात जास्त हसली, हसता हसता तिला खोकला लागला, आणि मग ती काट्याचा दांडा धरून किती तरी वेळ तशीच उभी राहिली. हमालांनी तोपर्यंत दुसरीकडे कट्टे लावायला सुरुवात केली होती. मी भोंगा बंद केला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मावशीने तिचा फोन चार्जिंगला माझ्या केबिनमध्ये ठेवला होता आणि तिच्या मुलीचा, म्हणजे ताईचा फोन आला. ताई माझ्याच शाळेत दोन वर्षं पुढे होती. तिला पाचवा महिना लागला होता, पहिलंच बाळंतपण, ते माहेरी करायचं ठरलेलं. मी फोन उचलला आणि मावशीच्या आवाजात सुरू झालो.

"हां पोरी... जेवली का तू... मी बरी हाय..."

ताई म्हणाली, "माय, काय झालं? पयत आली का कुठून?"

"पयत कायले... बसूनच... हाय मी."

"मंग एवढी कायले धापून राह्यली? माय?"

तिचा आवाज बदलला तसा मी पटकन माझ्या आवाजात आलो. "ताई, मी हाय, भोंग्या. नक्कल करून राह्यलो." मला वाटलं आता शिव्या पडतील. पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नक्कल करतो तं नीट कर ना," ताई म्हणाली. "ती अशी बोलते का?"

"ताई, ती अशीच बोलते."

"माह्यासंग तर नीट बोलते."

मला आठवलं, ताईचा फोन लावायच्या आधी मावशी काय करते. ओट्यावर बसते. पाणी पिते. पदराने वारा घेते. बरंच बसून झालं की फोन लावते, आणि एका दमात म्हणते, "जेवली, बरी हाय, तू कशी, ठेवतो." ताईला वाटायचं, माय फोनचे पैसे वाचवते.

"ताई," मी म्हणालो, "मी आहे तशीच काढली. जास्तीचं काही घातलं नाही."

चार दिवसांनी ताई दारात होती. माहेरी यायचं सातव्यात ठरलं होतं, ती पाचव्यातच आली, नवरा दारापर्यंत पोचवून परत गेला, मोठी बॅग. मावशीला आनंद आणि राग एकदमच झाला. "एवढ्या लवकर... लोक काय म्हनतीन?" ताईने तिला मिठी मारली. ज्या हाताने मिठी मारली तो हात ताईने मग पाठीवरून खाली-वर फिरवला, काहीतरी मोजल्यासारखा. आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

वाशीमला छातीच्या डॉक्टर मॅडम आहेत. तिघं गेलो. माझं काय काम होतं तर मावशीची अट होती, "डाक्तरीन भरभर बोलते. मले समजत नाई. भोंग्या घरी आल्यावर... तिच्याच आवाजात... पुन्हा सांगीन." तर मी रेकॉर्डर म्हणून गेलो होतो.

मॅडमनी वजन घेतलं, पंप कसा घेते ते करून दाखवायला लावलं, तो ती चुकीचाच घेत होती, तोंडाऐवजी अर्धा हवेत. मग जेवणाचं विचारलं. मावशीने मोठ्या अभिमानाने बैलगाडीचा हिशोब सांगितला. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, मी बसले की माझं अंग आराम करतं. तुमचं अंग बसल्या बसल्या हमाली करतं, रात्रंदिवस. श्वास ओढायची हमाली. आणि तुम्ही त्या हमालाची भाकर बंद केली. मग तो काय करणार? तुमच्या मांडीतून खातो, दंडातून खातो, आणि शेवटी ज्या स्नायूंनी श्वास घ्यायचा तेच खातो."

"म्हंजे हलकं झाल्यानं... दम कमी होत नाई?"

"वाढतो."

मावशीने मॅडमच्या टेबलावरच्या फुफ्फुसाच्या मॉडेलला बोट लावून पाहिलं. मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी ती आली होती. आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं की ती तो घेऊन आली आहे.

"मार्चमंदी... नातू येईन. नात येईन. जे येईन ते. त्याले पायावर घेऊन... आंघोय घालता येईन ना मले?"

आता ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे लहान बाळाला आजीने पाय लांब करून, दोन्ही नडग्यांवर पालथं-उताणं घेऊन न्हाऊ घालायचं असतं. एका हाताने बाळ धरायचं, दुसऱ्याने पाणी घालायचं, चोळायचं, आणि बाळ तर मासोळीसारखं सुळसुळत असतं. मावशीने आमच्या गल्लीतली निम्मी पोरं अशी न्हाऊ घातली होती. मलाही. हे ती मला चारचौघांत अधूनमधून ऐकवायची.

मॅडमनी मावशीच्या नडग्यांकडे पाहिलं. लुगडं जरा वर सरकलेलं होतं. "आत्ता नाही," त्या म्हणाल्या. "पायात ताकद नाही, हातात नाही, तुम्हाला मधेच धाप लागली तर बाळ सुटेल. पण चार महिने आहेत. अंगाने भरलात तर जमेल."

घरी आल्यावर मी सगळं मॅडमच्या आवाजात पुन्हा सांगितलं, हातातलं नसलेलं पेन खाली ठेवण्यासकट. मावशी हसली, पण तिला पटलं नव्हतं. बैलगाडी डोक्यातून निघत नव्हती. चुलीपुढे बसून म्हणाली, "डाक्तरीन शहरातली हाय. तिले वाळलेल्या मालाचं... काय समजते."

ताई भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "माय, दाणा वाळला की काय होते?"

"वाजते."

"अन् लय वाळला तर?"

मावशीने चुलीतली राख सारली.

"चाळणीवर टाकला की काय होते त्याचं?"

"फुटते," मावशी म्हणाली. "दोन तुकडे. डाय होते."

"अन् पेरला तर?"

मावशीने चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. मग मागे ओढलं. मग पूर्णच बाहेर काढून पाण्यात विझवलं. "गॅसवरचं कापड... काढ," ती म्हणाली. "अन् अर्धी भाकर दे. अर्धीच दे. बाकीची... मंग खातो."

तिथून आमच्या गल्लीत एक वेगळंच प्रकरण सुरू झालं. मॅडमनी सांगितलं होतं, एकदम पोटभर नको, थोडं थोडं, दिवसभर, आणि जे खायचं ते दमदार. तूप, अंडं, दाण्याचा लाडू, दूध. जेवायच्या आधी जरा बसायचं, खाताना घाई नको. ताईने पाहिलं, की हे तर बाळंतिणीचंच खाणं आहे. डिंक, खारीक, खोबरं, मेथी. आमच्याकडे माय लेकीसाठी लाडू करते. इथे लेकीने आधीच करायला घेतले, आणि खारीक कुटायला मला बसवलं, कारण मावशीचा दम पुरत नव्हता आणि ताईला वाकता येत नव्हतं. मी कुटताना लिलाव पुकारायचो, म्हणजे हात चालतो.

ताईची अट साधी होती. "तू खाशीन तं मी खाईन." मावशीला पोटुशी लेक उपाशी बसलेली चालणार नव्हती. म्हणजे ती फसली. एक वाटी ताईला, एक वाटी मावशीला. दोन तासांनी पुन्हा.

"मले काय... कोंबडी समजता?" मावशी म्हणायची. "दिवसभर... टिपूनच राह्यली मी."

शेजारपाजारच्या बाया ताईला डोहाळे म्हणून काही ना काही आणून द्यायच्या. शेजारची खाला शिरखुर्मा आणायची, सणाची वाट न बघता. ताई प्रत्येक वाटीचे दोन भाग करायची. खालाने एक दिवस मावशीच्या ताटाकडे पाहून विचारलं, "काय वो, तुमाले कितवा चालू हाय?"

"तुले काय करायचं?" मावशी म्हणाली. "तू शिरखुर्मा आन."

दोघींना चालायलाही सांगितलं होतं. संध्याकाळी ऊन उतरलं की दोघी निघायच्या, एक पुढे पोट घेऊन, एक मागे पदर खोचून, दोघींना धाप. मावशीला श्वास सोडायची नवी पद्धत शिकवली होती, ओठ जरासे मिटून, गरम चहावर फुंकर घालतात तशी. मी ओट्यावर बसून भोंग्याचं काम करायचो. "दोन गाड्या मारुतीच्या देवळाकडून येऊन राह्यल्या, एक फुल लोड, एक रिकामी, रस्ता द्या, रस्ता द्या." मावशी चप्पल काढायची. फेकायला दम नसायचा, नुसती दाखवायची. महिन्याभराने एकदा तिने ती खरंच फेकली. लागली नाही, पण पोचली. आम्ही तिघांनीही ते पाहिलं.

बांगड्या मनगटाकडे परत यायला लागल्या होत्या. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, असा एक व्यायाम होता, तो ती टीव्ही बघत करायची. सिरियलमध्ये सासू ओरडली की उठायची, सून रडली की बसायची. असं तिने गणित बसवलं होतं.

आणि संक्रांतीच्या सुमाराला तिला ताप आला. थंडी कडाक्याची होती. साध्या सर्दीने सुरुवात झाली आणि दोन दिवसांत ओठ निळे पडले. दवाखान्यात ठेवलं, ऑक्सिजन लावला. ताईला सातवा संपत आलेला, ती खुर्चीवर बसून असायची, आणि मी दोघींच्या मधे चहा घेऊन फिरायचो. मला पहिल्यांदाच कोणाची नक्कल सुचत नव्हती.

ती घरी आली तेव्हा भरलेलं सगळं गेलं होतं. वर्षभराचं लोणचं एका पावसात जावं तसं. चेहरा असा, की गालांच्या जागी फक्त सावली. लाडवाची वाटी ताईने पुढे केली तर मावशीने ती सरकवली.

"सासूले बलाव तुह्या," ती म्हणाली. "बाळंतपणाले. माह्यानं... नाई होत."

"बरं," ताई म्हणाली. मला वाटलं ती भांडेल. तिने भांडण केलं नाही. वाटी स्वतःच्या बाजूला ठेवली आणि स्वतःही खाल्लं नाही. तासभर दोघी तशाच. पोटातलं बाळ हललं असावं, कारण ताईने पोटावर हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?" मावशी म्हणाली.

"लाथा मारून राह्यलं. भूक लागली असंन त्याले."

"मंग खाय ना."

"तू खाय मंग मी खातो."

मावशीने ताईजवळची वाटी ओढली. "तू लय... हरामी हाय पोरी," ती म्हणाली, आणि लाडवाचा एक कोपरा तोडला. दाढेखाली धरला, चावला, गिळला. मग बसून राहिली. मग अजून एक कोपरा. तो एक लाडू संपायला अंधार पडला, पण संपला. मी घरी जाऊन माझ्या आईला सांगितलं तर आईला समजेना, की एका लाडवाचं एवढं काय सांगायचं.

मार्चमध्ये नातू झाला. सगळं नीट झालं. आणि घरी आल्या आल्या पहिलं भांडण धुरीवरून लागलं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर निखारे ठेवून ओवा-शेपाची धुरी द्यायची पद्धत आहे. गल्लीतल्या म्हाताऱ्या निखारे घेऊनच आल्या होत्या. गंमत म्हणजे मावशीही त्यांच्याच पक्षात. "धुरीबिगर... बाळंतपन असते का कुठं?"

ताई पलंगावरून म्हणाली, "धुरी आत येईन तं माय बाहेर जाईन. माय आत पाह्यजे असंन तं धुरी बाहेर ठेवा. काय ते ठरवा."

म्हाताऱ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने निखाऱ्यांकडे पाहिलं, मग पाळण्याकडे. "ठेवा बाहेर," ती म्हणाली. "पण कोणाले... सांगू नका."

बाळाची नाळ पडल्यावर पहिली आंघोळ ठरली. मला त्या खोलीत काही काम नव्हतं, पण दारात पाणी आणून द्यायला कोणीतरी लागतं म्हणून मी होतो. ताईने पाट भिंतीला लावून ठेवला होता, मावशीला पाठ टेकता यावी म्हणून. मावशी बसली. पाय लांब केले. नडग्यांवर मांस आलं होतं, फार नाही, पण बाळ ठेवायला जागा झाली होती. बाळ तिने उताणं घेतलं, डोकं पावलांकडे, एक हात त्याच्या छातीवर. तेल लावलं. पाणी घातलं. बाळाने जग डोक्यावर घेतलं.

मधे, पाठ धुताना, मावशी थांबली. धाप लागली होती. बाळ पालथं, ओलं, ओरडतंय, आणि तिचा हात त्याच्या पाठीवर थरथरत होता. दोन बाया एकदम पुढे सरकल्या.

"थांबा," ताई म्हणाली. "कोनी हात लावू नका. घेऊ द्या तिले दम."

कोणी हललं नाही. मावशी ओठ मिटून श्वास सोडत होती. एकदा, दोनदा, पुन्हा. पायांना थरथर नव्हती. हात आधी स्थिर झाला, मग तांब्याकडे गेला. "रडतो कायले रे," ती बाळाला म्हणाली. "आजीले... घाई नाई." आणि उरलेलं पाणी घातलं.

आता मावशी पुण्याला आहे. ताईची कामावरची सुट्टी संपली आणि बाळ सांभाळायला मावशीला नेलं. यार्डात तिच्या जागेवर दुसरी बाई बसते, तीही दाणा चावते का मी अजून पाहिलं नाही. मावशीचा आजार गेलेला नाही, तो जात नसतो. पंप ती आता सगळ्यांसमोर घेते, बरोबर घेते, आणि घेऊन झाला की घाण वासाचं काही खाल्ल्यासारखं तोंड करते. त्याचीही नक्कल मी बसवली आहे.

पुण्याला जायच्या आधी बाळाच्या डोसाचा दिवस होता. अंगणवाडीत नर्सबाई आल्या होत्या आणि त्यांचा बाळांचा काटा बंद पडला होता. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाळाला घेऊन मोठ्या काट्यावर उभ्या राहा. मग तुम्ही एकट्या. तुमचं वजा केलं की बाळाचं निघेल."

मावशी काट्यावर चढली, कोणाचा हात न धरता. नर्सबाईंनी आकडा पाहिला. मग ताईने बाळ घेतलं आणि मावशी एकटी उभी राहिली. यार्डात भरलेलं पोतं मोजतात, मग रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून वजा करतात. त्या रिकाम्या पोत्याला बारदाना म्हणतात. मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे मी बारदाना झाली का रे, भोंग्या?"

"हो मावशी."

नर्सबाईंनी वजाबाकी केली, बाळाचं कार्ड भरलं, "छान वाढतंय" म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली. मावशी काट्यावरून उतरली नाही.

"बाई, मालाचं झालं... पोराचं झालं. बारदान्याचं किती?"

नर्सबाईंना ते समजलं नाही. ताईने सांगितलं, "तिचं विचारून राह्यली. तिचं एकटीचं."

नर्सबाईंनी पुन्हा खाली पाहिलं. "चाळीसला जरा कमी आहे, आजी."

मावशीने आकडा स्वतः वाकून पाहिला. सरळ झाली. "होतीन," ती म्हणाली, आणि नातवासाठी दोन्ही हात पुढे केले.